जलपर्णी : नावे अनेक, संकट एक

संथ पाण्यावर पसरलेला हिरवा गालिचा आणि त्यातून डोकावणारे फिकट जांभळ्या फुलांचे तुरे हे दृश्य प्रथमदर्शनी मनोहर वाटते. परंतु पंचगंगा, मुळा-मुठा, इंद्रायणी यांच्या काठी राहणाऱ्यांना या सौंदर्यामागील संकट परिचित आहे. ही वनस्पती म्हणजे जलपर्णी होय. कोल्हापूरकडे तिला ‘केंदाळ’, बंगालमध्ये ‘कचुरीपाना’, तर हिंदीत ‘जलकुंभी’ म्हणतात.

नावांचा घोटाळा

वस्तुतः ‘जलकुंभी’ हे नाव मुळात दुसऱ्याच वनस्पतीचे, म्हणजे मराठीतील गोंडाळचे. गोंडाळाची पाने बिनदेठाची व मखमली असून फुले अगदी बारीक असतात. आयुर्वेदातील ‘कुंभिका’ ती हीच. जलपर्णी मात्र दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातील असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये आली. साहजिकच प्राचीन ग्रंथांत वर्णिलेले औषधी गुण तिला चिकटविणे अयोग्य होय. ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’ या तिच्या शास्त्रीय नावातील पहिले पद प्रशियाचे मंत्री आयकहॉर्न यांच्या सन्मानार्थ योजिले गेले. दुसऱ्या पदाचा अर्थ ‘जाड पायांची’ असा आहे. देठांच्या फुगीर, हवेने भरलेल्या भागामुळेच ती तरंगते. अलीकडे तिचा समावेश ‘पाँटेडेरिया’ या प्रजातीत करण्यात आला आहे.

वाढीचे कारण

आडव्या फांद्यांपासून नवी रोपे फुटत जातात व अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. गाळातील बी अनेक वर्षे जिवंत राहते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य होय. तिच्या आच्छादनाखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि डासांची पैदास वाढते.

उपाय

बंगालमध्ये १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी कायदा झाला. पुढे १९८० नंतरच्या दशकात तिच्यावर उपजीविका करणारे ‘निओकेटिना’ जातीचे भुंगेरे भारतात सोडण्यात आले. काढलेली जलपर्णी काठावरच टाकल्यास पुराबरोबर ती पुन्हा पात्रात येते. म्हणून ती दूर नेऊन तिचे कंपोस्ट खत करणे इष्ट. मात्र ती जड धातू शोषून घेत असल्याने कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढलेली जलपर्णी खतासाठी वा जनावरांच्या चाऱ्यासाठी वापरू नये.

जलपर्णी हे दूषित पाण्याचे लक्षण आहे. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले, तरच तिचा विळखा कायमचा सैल होईल.