वहीत न मावणारी गोष्ट



आपल्या प्रत्येक बचत गटात इतिवृत्ताची वही असते. तिच्यात आपण लिहितो, 'आज ८ सभासद हजर, २ गैरहजर. दोघींचा हप्ता थकला.' ही झाली बातमी. काय, कुठे, कधी, कोण, एवढं तिच्यात येतं. पण त्या दोघी का आल्या नाहीत, हप्ता कशामुळे थकला, घर कसं चाललंय, हे वहीत मावत नाही. ते शोधून, पडताळून, वाचणाऱ्याला त्या घराच्या ओट्यावर नेऊन बसवणाऱ्या लेखाला वर्तमानपत्रात 'फीचर' म्हणतात.

गेली दोन वर्षं आम्ही ग्रामसंघातल्या सहाजणी हे लिहायला शिकतो आहोत. जे कळलं ते आज सांगतो. चुकलं तेही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे विषय आणि प्रश्न यांतला फरक. 'महिलांचं कर्ज' हा विषय झाला. त्यावर लिहायला बसलं की भाषण होतं. 'एक कर्ज फेडायला दुसरं का काढावं लागतं?' हा प्रश्न झाला. प्रश्न धरला की कुणाकडे जायचं, काय विचारायचं, ते आपोआप ठरतं.

दुसरी गोष्ट, एका भेटीत लेख होत नाही. पहिल्या भेटीत बाई म्हणते, 'सगळं बरं आहे.' दुसऱ्या वेळी आपण तिच्यासोबत शेंगा फोडायला बसतो, तेव्हा खरं बोलणं निघतं. अनिल अवचट यांनी हमालांवर, विडी कामगारांवर लिहिलं ते असंच, त्यांच्यात जाऊन, बसून, साध्या बोलीत. पी. साईनाथ देशातल्या गरीब जिल्ह्यांत फिरले आणि १९९६ साली त्या लेखांचं पुस्तक आलं. त्यांनीच सुरू केलेल्या 'पारी'वर खेड्यापाड्यातले लेख मराठीतूनही मोबाईलवर फुकट वाचता येतात. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र गावातल्या बायकांनीच चालवायला घेतलं. म्हणजे हे काम फक्त शहरातल्यांचं नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि त्यात आपण मुळीच कच्च्या नाही. आमच्या लेखातल्या ताईला सांगितलं होतं, 'व्याज फक्त दोन टक्के.' आम्ही विचारलं, महिन्याला की वर्षाला? महिन्याला होतं, म्हणजे वर्षाला २४. पुढे कागद पाहिला. १२,००० रुपये घेतले, महिना १,२४० प्रमाणे १२ हप्ते, एकूण १४,८८०. मुद्दल दर महिन्याला कमी होत होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर. म्हणजे खरा दर २४ च्याही बराच वर. 'फार लुटतात हो' असं दहा वेळा लिहून जे कळलं नसतं, ते या एका हिशेबाने कळलं. मग कर्ज देणाऱ्या माणसालाही भेटलो आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घेतलं. दुसरी बाजू न ऐकता लिहिलं तर ती नुसती तक्रार होते.

मांडणीत एवढंच सांभाळा. सुरुवात डोळ्यांसमोर येणाऱ्या एखाद्या प्रसंगाने करा, मग हा प्रश्न एकटीचा नाही हे आकड्यांनी दाखवा, आणि शेवटी उपदेश करू नका. 'बिचारी', 'हृदयद्रावक' हे शब्द गाळा. चुलीवर भाताऐवजी पेज होती, एवढं लिहिलं तरी पुरतं.

आता आमची चूक. त्या ताईचं नाव आम्ही बदललं होतं. पण नवऱ्याचं पंक्चरचं दुकान, दारातली शेवग्याची दोन झाडं, सगळं जसंच्या तसं लिहिलं. लेख छापून आला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं की ही कोण. सासरी बोलणी बसली. तीन महिने ती बैठकीला आली नाही. लेखाचं कौतुक झालं ते आमचं. किंमत तिने मोजली.

तेव्हापासून आमचा नियम आहे. लेख छापायला देण्याआधी जिची गोष्ट आहे तिला तो पूर्ण वाचून दाखवायचा. आकडे आणि पुरावे कुणाच्या सांगण्यावरून बदलायचे नाहीत, पण जिच्यामुळे ती ओळखू येईल अशी खूण ती म्हणेल तर काढायची. आणि ती 'नको' म्हणाली, तर लेख कितीही चांगला असो, वही मिटायची.

ती ताई आता परत येते. मागच्या महिन्यात आम्ही नवा लेख बैठकीत वाचत होतो, तेव्हा तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, 'त्या बाईच्या घराचा रंग काढा आधी.'

आम्ही काढला.