परदेशी निघालेल्या वैद्याची पेटी

दिवाळीनंतर आपल्या संघटनेची बैठक जळगावात झाली. विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय चहाच्या वेळी निघाला आणि जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत चालला. धुळ्याहून आलेल्या एका ज्येष्ठ वैद्यांना कन्येच्या बाळंतपणासाठी दुबईस जायचे होते, जळगावच्या एका औषधनिर्मात्यांनी जर्मनीतील प्रदर्शनास जाण्याचे निश्चित केले होते, आणि मला स्वतःला पुन्हा एकदा न्यू जर्सीस, मुलीकडे. तिघांचाही प्रश्न एकच होता. पेटीत काय घ्यावे आणि काय घरीच ठेवावे? ज्यांना अनुभव होता त्यांनी तो मोकळेपणाने सांगितला. त्यातील उपयुक्त भाग सर्व वैद्यबंधू-भगिनींपर्यंत पोहोचावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ लाडवांपासून झाला, तोही धुळ्याच्या वैद्यांमुळेच. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे त्यांनी ठरविले होते आणि त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे त्यात खसखस भरपूर. आपल्या स्वयंपाकघरातील ही निरुपद्रवी वस्तू संयुक्त अरब अमिरातीत मात्र बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातील बी आहे. सौदी अरेबियातही तीच स्थिती आहे. सिंगापुरात अमली पदार्थविरोधी खात्याच्या तपासणीशिवाय आणि मान्यतेशिवाय ती नेता येत नाही. लाडवातील खसखस, मसाल्यातील खसखस आणि पुडीतील खसखस यांत तेथील अधिकारी भेद करीत बसत नाहीत. प्रकरण दंडावर न थांबता अटकेपर्यंत जाऊ शकते. वैद्यांनी तेथेच घरी दूरध्वनी करून लाडवांचे साहित्य बदलावयास सांगितले. काळ्या मसाल्याचा डबाही त्याच कारणाने मागे राहिला, याचे मात्र त्यांना अधिक वाईट वाटलेले दिसले.

खसखशीवरून ओघानेच अफू आणि भांग यांचे कल्प आठवले. कर्पूररस, निद्रोदय, कामिनीविद्रावण यांत अहिफेन आहे. जातिफलादि चूर्णात भांग आहे. नारदीय लक्ष्मीविलासात भांगेचे बी आहे, हे पुष्कळदा आपल्याही ध्यानात राहत नाही. सर्दी-पडशाचे औषध म्हणून तो आपण सहज पेटीत टाकतो. भारतात परवान्याखाली तयार झालेली आणि रीतसर विकली जाणारी ही औषधे आखाती देशांत वा सिंगापुरात अमली पदार्थ ठरतात. तेव्हा पेटी भरताना औषधाचा रोगाधिकार आठवण्यापूर्वी त्याचा पाठ आठवावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१), जीत अहिफेन, भांग, धत्तूर, वत्सनाभ, विषमुष्टी, जयपाल, पारद, हिंगूळ, हरताळ, मन:शिला आदी द्रव्यांची गणना आहे, ती एकदा समोर ठेवून बसावे. त्या यादीतील एकही द्रव्य ज्यात आहे तो कल्प प्रवासात नको, असा सरळ नियम मी स्वतःपुरता केला आहे.

हा नियम मी शहाणपणाने केला असे मात्र नाही. तो प्रसंग येथे सांगणे कर्तव्य समजतो.

सन २०१२ मध्ये माझ्या मुलीस प्रथमच दिवस गेले, तेव्हा मी येथून तिला गर्भपाल रस पाठविला होता. गर्भस्थैर्यासाठी हा कल्प मी वर्षानुवर्षे वापरीत आलो होतो आणि त्यात काही गैर असल्याचे कधी मनात आले नव्हते. गर्भपालात हिंगूळ आहे, वंगभस्म आहे आणि नागभस्म आहे. दोन महिन्यांनी तेथील प्रसूतितज्ज्ञांनी मुलीस ती घेत असलेल्या सर्व औषधांची यादी विचारली, डबी पाहिली आणि रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घेतले. ते वाढलेले निघाले. औषध त्याच दिवशी बंद झाले, पुढे प्रमाण उतरले, नात सुखरूप झाली. परंतु ते दोन महिने मुलीने फोनवर मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि आम्हा उभयतांना झोप अशी लागली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भवतींचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांनी भारतात बनलेली आयुर्वेदीय औषधे घेतली होती आणि त्यांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले होते. आपल्या एका धुळेकर मित्रांनी त्याची प्रत मला पाठविली. वाचताना वाटले, ही सातवी गर्भवती माझ्या घरची.

याविषयी आपल्यात वाद आहे आणि तो मला ठाऊक आहे. सम्यक् शोधन-मारण झालेले भस्म आणि कच्चे शिसे एक नव्हे, असे आपण म्हणतो. वारितर, रेखापूर्ण, निरुत्थ या परीक्षांचा दाखला देतो. मीही देत आलो. परंतु प्रयोगशाळेचे यंत्र शिसे मोजते, पुटांची संख्या मोजत नाही. गर्भवतीच्या रक्तात ते मोजले गेल्यावर शास्त्रार्थास जागा उरत नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल सन २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. सन २००८ मध्ये त्याच संशोधकांनी महाजालावरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांची परीक्षा केली, तेव्हाही सुमारे पंचमांश उत्पादनांत हे धातू निघाले. रसशास्त्रीय उत्पादनांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. काष्ठौषधींतही ते १७ टक्क्यांच्या आसपास निघाले, हे मला अधिक विचार करावयास लावणारे वाटते. कारण तेथे पुटांचे समर्थन लागूच पडत नाही. तो दोष जमिनीचा, खलबत्त्याचा किंवा आपल्या निष्काळजीपणाचा आहे.

तेव्हा आरोग्यवर्धिनी, सूतशेखर, त्रिभुवनकीर्ती, एकांगवीर, महायोगराज गुग्गुळ ही आपली नित्याची मंडळी घरीच ठेवावीत. विशेषतः लहान मूल वा गर्भवती असलेल्या घरी जाताना तर नक्कीच. न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक बालकाचे रक्त वयाच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षी शिशासाठी तपासण्याचा नियम आहे. सन २०२१ पासून तेथील रोगनियंत्रण केंद्राने लक्ष देण्याजोगी मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे. आजोबांनी प्रेमाने चाटविलेल्या मात्रेमुळे आरोग्य खात्याची माणसे घर तपासावयास येऊ शकतात. बाळगुटीचेही तसेच. सहाणेवर उगाळलेली गुटी मधातून देण्याची आपली पद्धत. तेथे एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये असे प्रत्येक मातेस बजावलेले असते, कारण मधातील जंतुबीजांपासून अर्भकास बॉट्युलिझम होऊ शकतो. हा सल्ला आपणही येथे मानावा असे माझे मत झाले आहे. नातीच्या वेळी सहाण घेऊन गेलो होतो, ती दोन महिने खिडकीत पडून होती.

आता औषधे कशी न्यावीत याविषयी. आपली पुडी ही आपली ओळख आहे, पण विमानतळावर ती आपली वैरीण ठरते. जळगावच्या एका सहकाऱ्यांनी स्वतःच्या अम्लपित्तासाठी शंखभस्माच्या साठ पुड्या बांधून नेल्या होत्या. पांढरी भुकटी, नीट घडी घातलेले कागद, वर काही लिहिलेले नाही. युरोपातील एका विमानतळावर त्यांना तीन तास बसवून ठेवले. शेवटी परीक्षेत काही निघाले नाही, पण पुढचे विमान गेले. औषध मूळ वेष्टनातच असावे, त्यावर घटकद्रव्ये इंग्रजीत व लॅटिन नावांसह असावीत, आणि सोबत स्वतःच्या नावाचे इंग्रजी चिकित्सापत्र असावे. वैद्याने स्वतःलाच लिहून दिलेले पत्र शोभत नाही. दुसऱ्या वैद्याकडून घ्यावे. मात्रा व्यक्तिगत वापरापुरतीच असावी. अमेरिकेत साधारणतः तीन महिन्यांपुरते औषध व्यक्तिगत समजतात. चूर्ण हातातील पिशवीत नको. जून २०१८ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटी हातसामानात असल्यास ती वेगळी तपासतात, आणि आपले त्रिफळा-हिंग्वाष्टकाचे डबे तेवढे सहज भरतात.

द्रव औषधांचा नियम सन २००६ पासून सर्वांस परिचित झाला आहे. हातसामानात शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही. तेले मोठ्या पेटीत न्यावीत, झाकणावर फडके बांधून, दोन पिशव्यांत. नाहीतर कपड्यांनाच अभ्यंग घडते. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांत स्वतःच उत्पन्न झालेले मद्य असते. आपण त्यास औषध म्हणतो, पण सौदी अरेबिया व कुवेत येथे मद्यास पूर्ण बंदी आहे. तेथे आसवारिष्टे नेऊच नयेत, दशमूलाचा भरड काढा न्यावा. अर्थात भरड काढा ऑस्ट्रेलियात नेला तर वेगळीच पंचाईत. वाळलेली मुळे, साली, बिया, मध, तूप यांतील प्रत्येक गोष्ट तेथे उतरण्यापूर्वीच्या पत्रकात जाहीर करावी लागते. न्यूझीलंडला तर मध नेऊच नये. युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये प्रवाशाला भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून फलघृत-ब्राह्मीघृतही नकोत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपविलेल्या वस्तूचा दंड होतो आणि पुढच्या वेळी आपले नाव पाहूनच पेटी उघडतात.

कापूर आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. पाऱ्याची तर निराळीच कथा. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो आणि पारा त्या धातूस खातो, म्हणून सुटा पारा विमानात वर्ज्य आहे. पारद शिवलिंग भेट म्हणून नेण्याचा विचार कोणाचा असल्यास तो येथेच सोडावा.

वनस्पतींच्या बाबतीत आपण वैद्य मंडळी फार भोळी. कुष्ठ, म्हणजे कोष्ठकोलिंजनातील कोष्ठ, दुर्मीळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी, कुटकी, सर्पगंधा व रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अनुज्ञापत्रावाचून त्यांची भरड वा मुळे सीमेपार नेणे हा गुन्हा ठरतो, मग ती चाळीसगावच्या बाजारातून बिलासह घेतलेली का असेना. मयूरपिच्छाचीही निर्यात निषिद्ध आहे.

औषधनिर्मात्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. जर्मनीस जाणाऱ्या मित्रांनी दोनशे नमुना-बाट्या वाटण्याचे योजिले होते. युरोपीय संघाचा पारंपरिक वनौषधींविषयीचा निर्देश सन २००४ चा. त्याची सवलतीची मुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. आता नोंदणीसाठी तीस वर्षांच्या औषधी वापराचा आणि त्यांपैकी सामान्यतः पंधरा वर्षे युरोपीय संघातील वापराचा पुरावा लागतो. तेव्हा औषधी गुण सांगणारे वेष्टन असलेले नमुने न वाटणेच बरे. आहारपूरक म्हणून नेऊ म्हटले तरी देशागणिक नियम निराळे. सन २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवरच बंदी आणली. नमुन्यांऐवजी कागद न्यावेत: अनुसूची टी प्रमाणे उत्तम निर्मितीचे प्रमाणपत्र, मुक्त विक्री प्रमाणपत्र आणि प्रत्येक घाणीचा जड धातूंचा अहवाल. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून आवश्यक झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष, या मर्यादा आहेत. परदेशी ग्राहक प्रथम हाच कागद मागतो, रंगीत माहितीपत्रक नंतर पाहतो. सन २०२२ मध्ये आयुष निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली आहे. तिच्याकडे चौकशी केल्यास बराच वेळ वाचतो.

शेवटी चिकित्सेविषयी. मुलाच्या घरी पोहोचल्यावर आठवड्याभरात मराठी मंडळी भेटावयास येतात, आणि चहा संपण्यापूर्वी कोणीतरी मनगट पुढे करतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवान्यावर चिकित्सा करून मोबदला घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. विनामूल्य दिलेल्या औषधानेही अपाय झाल्यास आपला येथील व्यवसाय-विमा तेथे सहसा उपयोगी पडत नाही, हे ठाऊक नसते. अमेरिकेत आयुर्वेदास स्वतंत्र वैद्यकीय परवाना नाही. आहार, निद्रा, ऋतुचर्या यांवर बोलावे, पुष्कळ बोलावे. पुडी देऊ नये. ज्यांना तेथे रीतसर व्यवसाय करावयाचा आहे त्यांच्यासाठी मार्ग आहेत. अमिरातीत आयुर्वेदाचा परवाना मिळतो, दक्षिण आफ्रिकेत नोंदणी होते, मलेशियात सन २०१६ चा कायदा आहे, स्वित्झर्लंडमध्ये सन २०१५ पासून राष्ट्रीय पदविका आहे. त्यासाठी आपल्या राज्य परिषदेकडील सद्वर्तन प्रमाणपत्र व पदवीचे साक्षांकन आधीच करून ठेवावे. ही कामे घाईत होत नाहीत.

आणखी एक. कोणाचेही पाकीट, कितीही जवळचा रुग्ण असो, न उघडता नेऊ नये. धुळ्याच्या वैद्यांकडे बैठकीतच दोघांनी दुबईस पोहोचविण्यासाठी डब्या दिल्या होत्या. त्यांनी त्या तेथेच उघडल्या. एकीत तिळाची चटणी होती, दुसरीत कामिनीविद्रावण.

माझी पेटी आता भरून झाली आहे. त्रिफळा, अविपत्तिकर, सितोपलादि, सुंठ, शतावरी, तिळाच्या तेलाची एक बाटली, आणि दुसऱ्या वैद्यांच्या सहीचे पत्र. सहाण या वेळी घरीच आहे.