रावेरच्या उन्हात पद्मिनीचा कार्बोरेटर

रावेर तालुक्यात तापमानाच्या आकड्याला पैशाची किंमत आहे. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ खुंटते. मे महिन्यात तो पंचेचाळीसला टेकला की पानं करपतात, घड सटकतात. हवामानावर आधारित फळपीक विमाही याच दोन टोकांकडे बघून ठरतो. या पस्तीस अंशांच्या फरकाचा त्रास आणखी एका गोष्टीला होतो, आणि तिच्यासाठी कुठला विमा नाही. ती म्हणजे अंगणात ताडपत्रीखाली जपून ठेवलेली जुनी प्रीमियर पद्मिनी.

ही गाडी अस्सल मुंबईची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाटच्या परवान्यानं ‘११०० डिलाइट’ बनू लागली आणि १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर आणि एकच कार्बोरेटर. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिचा प्रवास थांबला. खासगी पद्मिनी अजून गावोगावी आहेत. त्यांचा कार्बोरेटर घरी, स्वतःच्या हातानं ट्यून करता येतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हे काम संगणकाकडे गेलं आहे, आणि पद्मिनीसारख्या गाडीत तोच संगणक म्हणजे मालकाचे कान, नाक आणि डोळे.

कार्बोरेटरमागचं विज्ञान गाडीपेक्षा बरंच जुनं आहे. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं, इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी पुढे अरुंद गळ्याच्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास केला. पेट्रोलचा फवारा देणारा कार्बोरेटर डोनात बांकी आणि यानोश चोंका या हंगेरियन अभियंत्यांनी १८९३ साली पेटंट केला. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते. कार्बोरेटरच्या गळ्यात वाट अरुंद झाल्यानं हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. शेजारच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाखाली असतं, ते जेटमधून वर चढतं आणि हवेत उडतं. यात मोटर नाही, वीज नाही. पितळेचं एक बारीक भोक आणि दाबातला फरक, एवढ्यावर सगळं चालतं.

हिशोब वजनाचा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम धरलं तर त्याला जवळपास ११ किलो हवा हवी. रावेरमध्ये जानेवारीच्या पहाटे, दहा अंशांना, ११ किलो हवेला सुमारे नऊ हजार लिटर जागा लागते. मेच्या दुपारी पंचेचाळीस अंशांना तीच हवा फुगून दहा हजार लिटर होते. म्हणजे इंजिन तेवढीच हवा ओढतंय असं दिसतं, पण आत जाणारा ऑक्सिजन एक दशांशानं कमी असतो.

कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याला गळ्यातला दाब कळतो, हवेचं वजन कळत नाही. हवेची घनता ११ टक्क्यांनी उतरली तर मिश्रण त्याच प्रमाणात बिघडत नाही, कारण दोन्ही प्रवाह घनतेच्या वर्गमुळानं बदलतात. शिवाय उन्हात पेट्रोलची घनताही थोडी उतरते. सगळं जमेस धरलं तर जानेवारीत नीट लावलेला कार्बोरेटर मेमध्ये चार टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल देतो. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो, पण आयडलिंगला इंजिन जेमतेम तग धरून असतं, तिथे तो जाणवतो. गाडी सिग्नलला डुलायला लागते, मागून पेट्रोलचा वास येतो, प्लगवर काजळी धरते. तोरणमाळसारख्या अकराशे मीटरपेक्षा उंच ठिकाणी गाडी नेली तर हवा आणखी विरळ, म्हणजे वर चढताना मिश्रण आणखी दाट होत जातं.

उन्हाळ्याचा याहून मोठा दणका पेट्रोलच्या वाफेचा. पाण्यासारखा पेट्रोलचा एकच उकळबिंदू नसतो. ते अनेक घटकांचं मिश्रण आहे आणि त्यातले सर्वांत हलके घटक चाळिशीच्या आसपासच उकळू लागतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टवर चालतो आणि थेट इंजिनाला चिकटून बसतो. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागे रखडत गाडी सावद्यापर्यंत आली की बॉनेटखाली पंप चांगलाच तापलेला असतो. नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. वाफ दाबली की आकसते, त्यामुळे पंपाचा डायफ्राम नुसताच हलत राहतो आणि पुढे काहीच जात नाही. गाडी दोन गचके देते आणि बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवत. ते शास्त्राला धरूनच होतं: पाण्याचं बाष्पीभवन होताना पंपातली उष्णता शोषली जाते आणि आतली वाफ पुन्हा पेट्रोल होते. खानदेशच्या कोरड्या मेमध्ये हा उपाय कोकणातल्या दमट हवेपेक्षा अधिक चांगला चालतो.

गाडी बंद करून दहा मिनिटांत परत सुरू होत नसेल तर गोष्ट वेगळी असते. इंजिनाची धग वर चढते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं आणि सिलिंडर ओले होतात. अशा वेळी चोक अजिबात ओढू नये. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, पुन्हा पुन्हा मारू नये, आणि सेल्फ द्यावा. भरपूर हवा आत गेली की गाडी धरते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं उष्णतारोधक जाड पॅकिंग कुणी दुरुस्तीत काढून तिथे साधं गॅस्केट घातलं असेल, तर हा त्रास कायमचा होतो. ते आधी बघावं.

आता मूळ काम. कार्बोरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. टॅपेट बरोबर आहेत का, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळलेत का, प्लगची फट ठीक आहे का, टायमिंग कुठे आहे, एअर फिल्टर केळीबागांतल्या मातीनं भरलाय का, हे पाहिल्याशिवाय स्क्रू फिरवणं म्हणजे वेळ घालवणं. बरेचदा कार्बोरेटरवर आळ येतो आणि चोर निघतो पॉइंट. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तरीही कितीही ट्यूनिंग करा, गाडी आयडलिंगला थांबणार नाही.

मग गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी, इंजिन पूर्ण गरम असावं, चोक पूर्ण आत. काम उघड्यावरच करावं, कारण बंद शेडमध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही आणि जीव घेतो. कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात. एक थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहील ते ठरवतो, म्हणजे रेस. दुसरा, खालच्या अंगाला स्प्रिंग घातलेला टोकदार स्क्रू, आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. हा दुसरा हळुवार हातानं आत टेकवून दीड वळसा बाहेर काढावा, ही सुरुवातीची जागा. जोर लावून कधीही आवळू नये. त्याचं सुईसारखं टोक पितळी बैठकीत रुतलं की त्यावर खाच पडते आणि पुढे बारीक फरक साधतच नाही.

रेस किंचित वाढवून मिश्रणाचा स्क्रू पाव पाव वळसा आत न्यायचा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबायचं. एका जागी इंजिन अडखळू लागतं, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर धुराचे ठोके तुटक लागतात. मिश्रण पातळ झालं. आता उलट, बाहेर. ठोके सलग होतात, रेस आपोआप चढते, सर्वांत वर जाते आणि आणखी बाहेर काढलं की आवाज जड होऊन गाडी डुलू लागते. मिश्रण दाट झालं. या दोन टोकांच्या मध्ये, जिथे रेस सर्वाधिक आणि आवाज एकसारखा, ती जागा बरोबर. मग पहिल्या स्क्रूनं रेस मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर आणायची आणि मिश्रण पुन्हा एकदा तपासायचं, कारण एक हलवला की दुसऱ्याचं गणित थोडं सरकतं. परदेशात मिनी कूपरसारख्या गाड्यांना दोन कार्बोरेटर असत. तिथे रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीनं दोन्हींच्या तोंडाशी धरून हवेचा सुस्कारा सारखा येतोय का ते ऐकावं लागे. पद्मिनीवाल्यांची त्या कामातून सुटका आहे.

हे झालं आयडलिंगचं. रस्त्यावर चालताना पेट्रोल देतो तो मेन जेट, आणि त्यावर या स्क्रूचा काही अधिकार नाही. सोलेक्स जातीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० काढून १२५ लावला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणूनच अडकलेला जेट तारेनं खरवडणं हा गुन्हाच आहे. पितळ मऊ असतं, तार भोक मोठं करते आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. जेट पेट्रोलनं धुऊन हवेच्या दाबानं फुंकावा, बस.

हा साडेआठ टक्क्यांचा आकडा आज जास्त महत्त्वाचा आहे, कारण पंपावर मिळणारं पेट्रोल बदललं. २०२२मध्ये देशात सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि २०२५मध्ये वीस टक्के, म्हणजे ई-२०. उसातून, धान्यातून आलेलं हे इथेनॉल देशाच्या तेलाच्या बिलासाठी चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक किलो इथेनॉलला नऊ किलोच हवा लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. त्यामुळे ई-२० साठी योग्य प्रमाण १४.७ वरून १३.५ वर येतं. नवी गाडी एक्झॉस्टच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखते आणि पेट्रोल वाढवते. निव्वळ पेट्रोलसाठी जेट बसवलेली पद्मिनी तसं करू शकत नाही. तिचं मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं.

दोन हिशोब एकत्र ठेवले तर रावेरपुरतं चित्र स्पष्ट होतं. उन्हाळा मिश्रण दाट करतो, इथेनॉल पातळ करतं. मेमध्ये दोघांची थोडी वजाबाकी होते. जानेवारीत मात्र दोघांची बेरीज होते, कारण थंड हवा घन असते आणि तीही मिश्रण पातळच करते. त्यात इथेनॉलचं बाष्पीभवन व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणून थंडीच्या सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो आणि पिकअप देताना कार्बोरेटरमधून फुसकुली फुटल्यासारखा आवाज येतो. प्लग काढून बघावा. विटकरी-कॉफी रंग असेल तर ठीक, पांढुरका आणि करपलेला असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहण्यासारखा आहे. स्क्रू वर्षातून दोनदा, थंडी सुरू होताना आणि होळीनंतर, तपासला तर पुरतो. कुठल्या महिन्यात किती वळसे, हे बॉनेटच्या आत खडूनं नाही तर वहीत लिहून ठेवावं.

घरच्या ट्यूनिंगचा निकाल देणारं उपकरण जवळच्या पंपावर असतं: पीयूसीचं यंत्र. भारत स्टेजच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. पावतीवर शिक्का बघून खिशात घालण्याऐवजी हा आकडा वाचावा. आकडा तीनच्या काठावर असेल तर स्क्रू थोडा आत घ्यायला हवा, आणि अर्ध्याच्याही खाली असून गाडी अडखळत असेल तर थोडा बाहेर. गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते, मात्र मग ती रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही.

ज्यांच्या अंगणात पद्मिनी आहे त्यांनी मार्च संपण्याआधी एक काम करावं. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी आणि पंपाचा डायफ्राम बघावा. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि भेगाळतं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला निमंत्रण. नळी दाबल्यावर चिकट लागली किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नवी नळी आणि नवे क्लॅम्प लावावेत, आणि त्यानंतरच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा.