ट्रेडमिलशिवाय स्ट्रेस टेस्ट

सोलापुरात वर्षानुवर्षं विड्या वळून गुडघे धरलेल्या सत्तरीच्या मावशीला ट्रेडमिलवर कसं पळवणार? तिला शिरेतून डोब्युटामाइन देतात. दर 3 मिनिटांनी डोस वाढतो आणि हृदय जागच्या जागी पळतं. टार्गेट? 220 वजा वय, त्याचे 85 टक्के. म्हणजे साधारण 128 ठोके.

1990च्या दशकात अमेरिकेत जेनेसा नावाचं यंत्र आलं. ते ठोके मोजून आर्ब्युटामाइनचा डोस स्वतःच ठरवायचं. आपल्या कोडिंगच्या भाषेत, फीडबॅक लूप! पण औषधाचा परिणाम उशिरा दिसतो आणि पंप थांबला तरी औषध रक्तात काही मिनिटं राहतं. म्हणून डॉक्टर शेजारी हवाच.

आणि हो, टेस्टआधी चालू गोळ्या डॉक्टरांना सांगा. बीटा ब्लॉकर ठोके वाढू देत नाहीत. पण मनानं बंद करू नका.