पाच हजार वेळा तीच प्रार्थना

जे. डी. ग्रीअर हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले बॅप्टिस्ट पाळक. 2018 ते 2021 या काळात ते सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष होते. तिथल्या प्रोटेस्टंटांमध्ये याहून मोठी संघटना नाही. अशा पदावरच्या माणसाला स्वतःच्या तारणाची तरी खात्री असणार, असं कुणीही धरून चालेल. पण 2013 साली आलेल्या पुस्तकात ग्रीअर सांगतात, की येशूने हृदयात यावं ही प्रार्थना त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अंदाजे 5,000 वेळा केली होती. बाप्तिस्मा चारदा घेतला. दर वेळी मनात तेच: मागच्या वेळी मनापासून झालं नसेल तर? पश्चात्ताप पुरेसा नसेल तर?

अशी मुलं पुष्कळ मंडळ्यांमध्ये असतात. संडे स्कूलला नियमित, वचनं तोंडपाठ, शिबिरात पुढच्या रांगेत. आणि रात्री दिवा मालवला की पोटात गोळा. अमेरिकेत 1972 सालच्या ‘अ थीफ इन द नाइट’ या सिनेमाने एका पिढीला आणखी वेगळी धास्ती लावली. विश्वासणारे अचानक उचलले जातात आणि नायिका मागे राहते, अशी त्याची गोष्ट. शाळेतून घरी आल्यावर आई दिसली नाही तर ‘सगळे गेले, मीच राहिलो’ म्हणून घाबरल्याच्या आठवणी त्या पिढीतले लोक आजही सांगतात. ही भीती खोटी नसते, तिची थट्टाही करू नये. मात्र ती ज्या समजुतींवर उभी असते, त्या तपासून पाहायला हरकत नाही.

‘तारणाची तारीख सांगता आली पाहिजे’

साक्ष देणारा बहुधा तारखेपासून सुरुवात करतो. अमुक साली, अमुक सभेत, रडत पुढे गेलो आणि नवा जन्म झाला. सुवार्तिक बिली ग्रॅहम यांची साक्ष अशीच होती: 1934 साल, शार्लट शहर, मॉर्डेकाय हॅम यांच्या सभा, वय सोळाच्या आसपास. त्यांच्या पत्नी रूथ मात्र चीनमधल्या मिशनरी डॉक्टरच्या घरात वाढल्या होत्या आणि आपण विश्वास नेमका कोणत्या दिवशी ठेवला हे त्यांना सांगता येत नसे. जगभरच्या मैदानांत ‘आजच निर्णय घ्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरातच बिनतारखेचा विश्वास नांदत होता, आणि त्याबद्दल बिलींची तक्रार नव्हती.

तारखेच्या आग्रहाला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. 1830च्या दशकात अमेरिकी सुवार्तिक चार्ल्स फिनी यांच्या सभांमुळे ‘अँक्शस बेंच’ गाजला: पापाच्या जाणिवेने अस्वस्थ झालेल्यांनी सर्वांसमक्ष पुढच्या बाकावर येऊन बसायचं आणि तिथल्या तिथे निर्णय करायचा. त्याच काळात यावर टीकाही झाली. जॉन नेविन यांनी 1843 मध्ये या बाकाविरुद्ध एक पुस्तकच लिहिलं. तरी सभेच्या सोयीची ही पद्धत पुढे तारणाच्या दाखल्यासारखी वापरली जाऊ लागली. 1899 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन स्टारबक यांनी शेकडो प्रोटेस्टंटांच्या लेखी जबान्यांवर पुस्तक काढलं तेव्हा दिसलं, की मनाचं असं परिवर्तन बहुतेकांच्या बाबतीत दहा ते पंचवीस या वयातच घडतं आणि सोळाच्या सुमाराला त्याचा भर असतो. म्हणजे ज्या वयात मुलं सगळ्याच गोष्टींवर प्रश्न विचारतात, नेमक्या त्याच वयात त्यांच्याकडे शंका नसल्याचा पुरावा मागितला जातो. विल्यम जेम्स यांनी 1902 च्या ग्रंथात स्टारबकच्या सामग्रीचा उपयोग केला आणि एकाएकी पालटणारे नि हळूहळू पालटणारे अशा दोन्ही तऱ्हांची नोंद केली.

महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे, आणि ते जरा अवघड आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्या लिहितात, की धर्म हाती आला होता पण खुद्द ख्रिस्त गवसायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं जावी लागली. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूच्या पुस्तकाने त्यांना हलवलं होतं. हा हॅस्लमही गमतीचा माणूस: 1851 मध्ये स्वतःच दिलेलं प्रवचन ऐकून पालटलेला!

शंकेने पोखरलेल्या मुलाला ही साक्ष उलटीच लागू पडते. रमाबाईंचंही आठ वर्षं खरं नव्हतं, तर माझं कशावरून खरं? पण ती साक्ष पुष्कळ वर्षांनी मागे वळून लिहिलेली आहे. मधल्या काळातल्या रमाबाई काही ढोंग करत नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या ख्रिस्ताचं ईश्वरत्व आणि त्रैक्य यांवर पत्रांतून कडाडून वाद घालत होत्या, दुसरीकडे विधवा मुलींसाठी शाळा उभी करत होत्या. शंका, वाद आणि काम ही तिन्ही एकाच वेळी चालू होती. साक्षीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन स्वच्छ कप्पे पडतात ते लिहिताना.

‘प्रार्थनेत काहीतरी राहून गेलं असेल’

‘पाप्याची प्रार्थना’ म्हणून जी ठरावीक वाक्यं म्हणवून घेतली जातात, ती त्या स्वरूपात बायबलात कुठेच नाहीत. तिचा आजचा साचा मुख्यतः विसाव्या शतकात रूढ झाला. बिल ब्राइट यांच्या ‘फोर स्पिरिच्युअल लॉज’ या छोट्या पुस्तिकेने तो देशोदेशी पोचवला. खुद्द सदर्न बॅप्टिस्टांमध्ये यावर वाद पेटला आणि 2012 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात त्यांना ठराव करावा लागला: अशी प्रार्थना करणं योग्यच आहे, पण ती मंत्रासारखी मानली जाऊ नये. नव्या करारात तर कुठलाच साचा दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार छाती बडवून एवढंच म्हणतो की मज पाप्यावर दया कर. वधस्तंभावरचा गुन्हेगार मरता मरता फक्त आपली आठवण ठेवायला सांगतो. त्याने ना बाप्तिस्मा घेतला, ना पुन्हा म्हणून पाहिलं.

बाप्तिस्म्याचंही तसंच. तान्हेपणी झालेला चालतो का, की कळत्या वयात घ्यायला हवा, यावर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत आणि मुलं दोहोंच्या मध्ये सापडतात. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट दोघेही तिच्यात आले. तोड अशी निघाली, की या एकाच मंडळीत दोन्ही प्रथा मान्य. या मंडळीचा हा इतिहास तरुण संघात फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा.

‘शंका आली म्हणजे विश्वासच नाही’

सगळ्यांत जास्त छळणारी समजूत हीच, आणि हिच्याविरुद्धचा पुरावाही सगळ्यांत भरभक्कम आहे.

1646 मध्ये वेस्टमिन्स्टरला तयार झालेला विश्वासाचा जाहीरनामा प्रेस्बिटेरियनांना आजही प्रमाण आहे. ढिलाईबद्दल त्याची ख्याती नाही. तरी त्याच्या अठराव्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय, की खात्री ही विश्वासाचा अविभाज्य भाग नव्हे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावं आणि झगडावं लागू शकतं, आणि लाभलेली खात्रीही डळमळू शकते. कॅथलिकांची भूमिका याहून निराळी. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ठरवलं, की देवाची कृपा आपल्याला लाभली आहे हे कुणीही विश्वासाच्या निःसंशय खात्रीने जाणू शकत नाही. तिथे भर आशेवर असतो. तेव्हा वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलीला तिची पेंटेकोस्टल मैत्रीण ‘तुला शंभर टक्के खात्री आहे का?’ असं विचारते, तेव्हा ‘नाही’ हे उत्तर तिच्या धर्मशिक्षणाला धरूनच असतं.

मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांचं हृदय 24 मे 1738 रोजी लंडनमधल्या एका सभेत विलक्षण ऊब अनुभवून गेलं. मेथडिस्ट आजही तो दिवस पाळतात. जानेवारी 1739 मध्ये याच वेस्लींनी रोजनिशीत लिहिलं, की आपण ख्रिस्ती नाही. हा भाग प्रवचनात सहसा येत नाही, आणि म्हणूनच शिबिराच्या शेवटच्या रात्री चढलेली ऊब पुढच्या सोमवारी उतरली की सोळा वर्षांचा मुलगा स्वतःलाच खोटा ठरवतो.

जॉन बनियन यांच्या 1678 सालच्या रूपककथेत तर गोष्टीच्या बांधणीतच हे आहे. यात्रेकरूच्या पाठीवरचं ओझं क्रुसापाशी गळून पडतं ते बरंच आधी. संशयाच्या किल्ल्यात निराशा नावाचा राक्षस त्याला कोंडतो ते खूप नंतर. आणि ‘अज्ञान’ नावाचं एक पात्र आहे, ज्याला वाटभर एकदाही शंका शिवत नाही. तेच शेवटी स्वर्गाच्या वेशीवरून परत फिरवलं जातं. मराठी वाचकांना ही कथा नवी नाही. हरि केशवजी यांनी ती ‘यात्रिक क्रमण’ या नावाने 1841 मध्येच मराठीत आणली.

‘अन्य भाषेत बोलता येत नाही, म्हणजे आत्मा नाही’

याला थोडक्यात उत्तर आहे. असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेंटेकोस्टल संघटनेने 1916 मध्ये आपली श्रद्धासूत्रं ठरवली. त्यांत अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत आपसूक तोंडी येणारी अनोळखी भाषा, ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण मानली आहे, पण हा बाप्तिस्मा नव्या जन्माहून वेगळा आणि त्यानंतरचा अनुभव असल्याचंही तिथेच नमूद आहे. तारणाची ती कसोटी नाहीच. पंडिता रमाबाईंच्या केडगावमधल्या मुक्ती मिशनमध्ये 1905 पासून जे जागरण झालं त्यात मुली अन्य भाषांत बोलल्या. रमाबाईंनी ते दान म्हणून स्वीकारलं, पण प्रत्येकाला ते मिळालंच पाहिजे असा हट्ट धरला नाही.

‘तो विचार मनात आला, आता क्षमा नाही’

मार्कच्या तिसऱ्या आणि मत्तयच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नसल्याचं येशू सांगतो. हे वाचलेल्या मुलाच्या मनात नेमकी तीच निंदा आपसूक उमटते, आणि मग तो हादरतो. संदर्भ पाहिला तर समोर शास्त्री आहेत: येशूने लोकांना बरं केलेलं डोळ्यांदेखत पाहून, तो हे बालजबूलच्या, म्हणजे भुतांच्या अधिपतीच्या, बळावर करतो असं उघडपणे बोलणारे. बहुतेक भाष्यकार या पापाचा अर्थ जाणूनबुजून, कायमची पाठ फिरवणं असा घेतात. नको असताना डोक्यात घुसलेलं वाक्य त्यात बसत नाही. याच बनियनने तरुणपणी हे सोसलं होतं. ‘विकून टाक ख्रिस्ताला’ असे शब्द रात्रंदिवस कानात घुमत, आणि एकदा थकून ‘जाऊ दे’ असं मनात आलं, तेव्हा त्याने आपण कायमचे बुडालो असं धरलं. पुढच्या यातना त्याने 1666 सालच्या आत्मकथनात लिहून ठेवल्या आहेत.

असे विचार येणं सर्वसाधारण आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी 1978 मध्येच दाखवलं, की निरोगी माणसांच्या मनातही घाणेरडे, हिंसक, पाखंडी विचार येत असतात. 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी नकोसा विचार आल्याचं जवळजवळ 94 टक्क्यांनी सांगितलं. फरक पडतो तो पुढे. एकजण विचार झटकून अभ्यासाला लागतो. दुसरा त्या विचाराचा अर्थ लावत बसतो, क्षमा मागतो, ती नीट मागितली का ते तपासतो, पुन्हा मागतो. यातून मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक प्रकार उभा राहू शकतो. डॉक्टर त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. ओसीडी आयुष्यात कधी ना कधी शंभरातल्या एक ते तीन जणांना होतो आणि त्याची सुरुवात पुष्कळदा शाळा-कॉलेजच्या वयातच होते.

चर्चला हा आजार डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक होता. इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असताना आधीच कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत. अगदी स्पष्ट आठवेल तेवढंच जुनं पाप सांगायचं, असा निर्बंध धर्मगुरूंनी घातला. उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियस यांना सगळंच स्पष्ट आठवत होतं! त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त अशा शंकांविषयी स्वतंत्र सूचना लिहिल्या. 

म्हणूनच अशा मुलाला रोज नव्याने धीर देणं हा उपाय नाही. ‘तुझं तारण झालंय रे’ हे पाळकांचं वाक्य तासभर पुरतं, मग ते पुन्हा ऐकावं लागतं, आणि दर वेळी त्याची मुदत कमी होत जाते. ओसीडीवर परिणामकारक ठरलेल्या ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ या उपचारात शंका येऊ द्यायची आणि तिच्यामागून येणारी कृती, म्हणजे पुन्हा प्रार्थना, पुन्हा विचारणं, इंटरनेटवर पुन्हा शोधणं, ती करायची नाही, याचा पायरीपायरीने सराव होतो. गरजेप्रमाणे औषधंही देतात. या उपचारात श्रद्धा सोडायला सांगत नाहीत. जाणते समुपदेशक तर पाळकांनाच विचारून घेतात, की तुमच्या मंडळीत रोजची साधी प्रार्थना किती असते. तेवढी ठेवायची, वरची कमी करायची.

घरच्यांनी पाहायचं ते एवढंच, की मूल प्रश्न विचारतंय की तपासतंय. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळालं की ते त्यावर वाद घालतं, पुढचं विचारतं, जेवायला येतं. तपासणाऱ्याला तेच उत्तर दहाव्यांदा हवं असतं, झोप उडते, अभ्यास मागे पडतो, प्रभुभोजनाच्या रविवारी ते आजारी पडतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर पाळकांच्या भेटीबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.