‘कळले’ की ‘वाटले’?

युरेनस हा ग्रह गणिताने ठरवलेल्या मार्गावरून किंचित ढळत असे. फ्रेंच गणिती लव्हेरिये यांनी त्यावरून एका अज्ञात ग्रहाचे स्थान काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या स्थानापासून एका अंशाच्या आतच नेपच्यून दिसला. म्हणून आपण निःशंकपणे लिहितो, ‘युरेनसपलीकडे एक ग्रह आहे हे लव्हेरिये यांना कळले.’

बुधाचीही अशीच तक्रार होती. त्याची कक्षा हिशेबापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला जास्त सरकते. (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग!) लव्हेरिये यांनी १८५९ मध्ये तीच युक्ती योजली. बुध आणि सूर्य यांच्या दरम्यान काहीतरी असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही. बुधाचे कोडे १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्ताने सोडवले.

आता ‘व्हल्कन आहे हे त्यांना कळले’ असे लिहून पाहा. लेखणी अडते. ‘व्हल्कन आहे असे त्यांना वाटले’ एवढेच लिहिता येते. माणूस तोच, रीत तीच, खात्रीही बहुधा तितकीच. मग क्रियापद का बदलले? कारण ‘वाटणे’ केवळ मनाविषयी सांगते. ‘कळणे’ मनाबरोबर आकाशाविषयीही सांगते.

याची एक सोपी कसोटी आहे. वाक्य नकारार्थी करा. ‘नेपच्यून आहे हे राजूला कळले नाही.’ राजू अज्ञानात राहिला, पण नेपच्यून जागच्या जागी आहे! ‘नेपच्यून आहे असे राजूला वाटत नाही’ या वाक्यात मात्र बोलणारा नेपच्यूनची हमी घेत नाही. वस्तुस्थिती गृहीत धरणाऱ्या अशा क्रियापदांचा अभ्यास पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी १९७० च्या एका प्रसिद्ध निबंधात केला.

मराठीत तर ‘हे’ आणि ‘असे’ या चिमुकल्या शब्दांतही हा भेद डोकावतो. ‘मंत्री येणार हे समजले’ म्हणजे ते येणारच. ‘मंत्री येणार असे समजते’ म्हणजे न आल्यास वार्ताहर जबाबदार नाही. आणि ‘मी समजत होतो की आज सुट्टी आहे’ असे कोणी म्हणाला, की सुट्टी नव्हती हे आपण ओळखतोच.

गंमत अशी, की १८६० साली लव्हेरिये यांनी स्वतःच ही वाक्ये मराठीत लिहिली असती, तर बहुधा दोन्ही ठिकाणी त्यांनी ‘कळले’ हेच क्रियापद वापरले असते.