हलक्या पिस्तुलांतील धातूचा थकवा

वारंवार होणाऱ्या गोळीबारामुळे पिस्तुलाच्या धातूच्या भागात सूक्ष्म तडा निर्माण होणे, तो हळूहळू वाढणे आणि अखेरीस तो भाग एकाएकी तुटणे, या प्रक्रियेस पिस्तुलातील धातूचा थकवा असे म्हणतात. वजनाने हलक्या आणि दीर्घकाळ वापरलेल्या पिस्तुलांत हा दोष विशेष महत्त्वाचा ठरतो. अशा वेळी तुटण्याचा दोष बहुधा शेवटच्या गोळीवर टाकला जातो. प्रत्यक्षात ती गोळी आधीच्या हजारो गोळ्यांसारखीच असू शकते. तोवर भागाची ताकद संपत आलेली असते, एवढाच काय तो फरक.

रचना आणि भार

स्वयंभरण पिस्तुलाचे तीन मुख्य भाग असतात : हातात धरण्याची चौकट (फ्रेम), तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड आणि नळी. ९ × १९ मिमी काडतुसासाठी युरोपीय मानकानुसार वायूचा कमाल दाब सुमारे २,३५० बार, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक असतो. हा दाब एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकतो. तेवढ्या वेळात गोळी पुढे जाते आणि स्लाइड वेगाने मागे ढकलली जाते. स्प्रिंग तिचा बराचसा वेग शोषून घेते. उरलेला आघात चौकटीला सोसावा लागतो.

गोळीला मिळालेल्या संवेगाइतकाच संवेग मागे सरकणाऱ्या भागांना मिळतो. म्हणून स्लाइड जितकी हलकी, तितकी ती अधिक वेगाने मागे येते. संवेग तोच ठेवून वस्तुमान निम्मे केले, तर गतिज ऊर्जा दुप्पट होते. पिस्तूल हलके केल्याने बाळगणे सोपे होते. पण आघात वाढतो आणि तो झेलणारा धातू मात्र कमी होतो.

ॲल्युमिनियमची चौकट

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते. अमेरिकेतील कोल्ट कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कमांडर’ हे ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चौकटीचे पिस्तूल बाजारात आणले. मूळच्या पोलादी पिस्तुलाचे वजन सुमारे १,१०० ग्रॅम होते; आखूड नळीच्या कमांडरचे सुमारे ७५० ग्रॅम भरले.

वारंवार येणाऱ्या भाराचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर केला. एका झटक्यात मोडण्यास लागणाऱ्या भारापेक्षा बऱ्याच कमी भारानेही, तो पुन्हा पुन्हा दिल्यास, आस मोडतो असे त्याने दाखवून दिले. पुढे असे आढळले की, ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद वेळा सहन करू शकते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसते. ताण लहान असला तरी आवर्तनांची संख्या पुरेशी वाढल्यावर ते तुटू शकते.

पोलादाचे हे संरक्षणही निरपवाद नसते. खाच, छिद्र किंवा तीक्ष्ण कोपरा असलेल्या जागी ताण एकवटतो आणि तेथे ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे पिस्तुलाची पोलादी स्लाइडही थकव्याने तुटते.

थकव्याच्या अवस्था

पहिल्या अवस्थेत खाचेच्या टोकाशी किंवा हत्याराच्या ओरखड्यापाशी डोळ्यांना न दिसणारा तडा सुरू होतो. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक गोळीगणिक तो किंचित पुढे सरकतो. तिसऱ्या अवस्थेत उरलेला अखंड भाग भार पेलण्यास अपुरा पडतो आणि एका क्षणात तुटतो. तुटलेल्या पृष्ठभागावर पहिल्या दोन अवस्थांचा भाग तुलनेने गुळगुळीत असतो. त्यावर वाळूवर लाटांच्या खुणा उमटाव्यात तशा वक्र रेषा अनेकदा दिसतात. अखेरीस तुटलेला भाग खडबडीत असतो. या खुणांवरून तपासनीस थकवा आणि एकाच अतिभाराने झालेली मोडतोड यांतील भेद ओळखतात.

प्रमुख उदाहरणे

वाल्थर पी-१ : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पी-३८ या पिस्तुलाची चौकट पोलादी होती. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी त्याचे उत्पादन पुन्हा सुरू झाले, तेव्हा ती ॲल्युमिनियम मिश्रधातूची करण्यात आली. १९६३ पासून हे पिस्तूल पी-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. नळीला जखडणारा ठोकळा जेथे चौकटीवर आघात करतो, तेथे मऊ धातू कमजोर ठरत असल्याने १९७० च्या दशकात त्या जागी षट्कोनी पोलादी पिन बसवण्यात आली. स्लाइडही अधिक जाड करण्यात आली.

बेरेटा एम-९ : ॲल्युमिनियमची चौकट आणि पी-३८ प्रमाणेच जखडठोकळ्याची रचना असलेले हे इटालियन पिस्तूल १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारले. येथे गंभीर दोष पोलादी स्लाइडमध्ये आढळला. नळीवरचा भाग मोकळा ठेवल्यामुळे या स्लाइडला दोन्ही बाजूंनी केवळ अरुंद भुजा असतात. ठोकळ्यासाठीच्या खाचांपाशी या भुजा तुटून स्लाइडचा मागचा तुकडा नेमबाजाच्या दिशेने उडाला आणि नौदलाच्या विशेष पथकांतील जवानांच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. स्लाइडच्या धातूचा चिवटपणा कमी होता, की वापरलेल्या काडतुसांचा दाब जास्त होता, यावर वाद झाला. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकरणी अहवाल दिला. त्यानंतर घोड्याच्या पिनचे टोक मोठे करण्यात आले आणि ते अडकण्यासाठी स्लाइडला खाच देण्यात आली. या बदलामुळे स्लाइड तुटणे थांबत नाही. तुटलीच तर तुकडा मागे निसटत नाही. सुधारित प्रकार ९२ एफएस या नावाने प्रसिद्ध आहे.

थकवा वाढवणारी कारणे

जुनी, सैल पडलेली स्प्रिंग हे सर्वांत सामान्य कारण होय. स्प्रिंग कमजोर झाली की स्लाइड चौकटीवर अधिक जोराने आदळते. नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे, गंज, वंगणाचा अभाव आणि घडणीतील सदोष उष्णतासंस्कार यांमुळेही आयुष्य घटते.

अतिदाबामुळे होणारा स्फोट हा वेगळा प्रकार आहे. नळीत आधीची गोळी अडकलेली असणे किंवा काडतुसात दारू दुप्पट भरली जाणे या कारणांनी अगदी नवे पिस्तूलही फुटू शकते. मात्र आधीच तडा गेलेले पिस्तूल असा अतिदाब आणखी कमी सहन करते.

तपासणी व प्रतिबंध

थकवा बहुधा पूर्वसूचना देतो. ती पाहण्याची व्यवस्था मात्र असावी लागते. त्यासाठी झाडलेल्या गोळ्यांची नोंद ठेवणे, स्प्रिंग व जखडठोकळा निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलणे आणि स्वच्छ केलेल्या भागांचे कोपरे व खाचा भिंगाखाली तपासणे आवश्यक असते. पोलादी भागांतील तडे चुंबकीय कणांच्या चाचणीने शोधता येतात. ॲल्युमिनियम चुंबकीय नसल्याने त्याच्यासाठी तड्यात शिरणाऱ्या रंगद्रवाची चाचणी वापरतात. तडा गेलेली ॲल्युमिनियमची चौकट वितळजोडाने सांधणे सुरक्षित नसते, कारण त्या उष्णतेने मिश्रधातूला संस्काराने आलेली ताकद कमी होते.

पोलीस आणि सैन्यदलांच्या प्रशिक्षण केंद्रांत एकच पिस्तूल अनेक जण आळीपाळीने वापरतात. अशा शस्त्राचे वय वर्षांत मोजणे अपुरे ठरते. ते झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येत मोजावे लागते.